४५ साठी बुलेट निवडताना: नाक, बूड आणि अंगरखा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ओहायोला आलात, शूटिंग क्लब जॉइन केला, ४५ एसीपीची १९११ (०.४५ इंची काडतुसाचं पिस्तूल) घेतली, घरात एक ९ एमएम ग्लॉक पण आहे, आणि २५ यार्डावर कागदावर मारायचंय, सेल्फ डिफेन्स वगैरे डोक्यात नाही. दुकानात गेलं की शेल्फवर एफएमजे (फुल मेटल जॅकेट, धातूचं आवरण असलेली), प्लेटेड, कोटेड, जेएचपी, सेमी-वाडकटर अशी रांग, बाकीची नावं खाली उलगडतो. क्लबातले एक आजोबा म्हणतात शिशाची सेमी-वाडकटरच घे, दुकानदार म्हणतो गपचूप एफएमजे घे, आणि तुमचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, सहा इंचाचा पडतोय तो गोळीमुळे की हातामुळे हे तुम्हाला कळत नाहीये.

मी पेनसिल्व्हेनियात वीसेक वर्षं बुल्सआय, म्हणजे कागदी टार्गेटवरची पिस्तूल स्पर्धा, मारतोय आणि त्यातली बरीच वर्षं काडतुसं घरीच भरतो, त्यामुळे चुकीची बुलेट घेण्याचे बहुतेक सगळे प्रकार माझे करून झालेत. आधी एक सांगतो, बुलेट म्हणजे फक्त पुढचं उडणारं टोक, आणि केस (पितळी नळी), पावडर, प्राइमर (पेट देणारी टिकली) सगळं धरून होतं ते काडतूस. आपण मराठीत दोन्हीला गोळी म्हणतो आणि मग गोंधळ होतो, म्हणून खाली मी बुलेट म्हणेन तेव्हा फक्त टोकाबद्दल बोलतोय.

तर आधी सहा इंच. बंदूक, काडतूस आणि हात यांच्या चुका सरळ बेरजेने जमत नाहीत, ढोबळमानाने वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ निघतं, शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखं. समजा तुमचं साधं एफएमजे त्या पिस्तुलातून रेस्टवर (टेकवून मारलं तर) ३ इंचाचा ग्रुप देतंय आणि तुमचा एकूण ग्रुप ६ इंच आहे, म्हणजे हाताचा वाटा साधारण ५.२ इंच. आता महागडं मॅच काडतूस आणलंत, दीड इंचाचं, तर एकूण होईल ५.४ इंच. दुप्पट पैसे घालून अर्ध्या इंचाच्या आसपास फायदा. त्यामुळे आजच्या घडीला तुमचा खरा प्रश्न सगळ्यात अचूक बुलेट कुठली हा नाहीये. कुठली बुलेट तुमच्या पिस्तुलात शंभरातली शंभर वेळा नीट चढते, आणि वर्षभर तीच मिळत राहील का, हा आहे. एकाच बुलेटवर महिनोन्‌महिने काढले की हाताच्या चुका दिसायला लागतात, दर आठवड्याला बॉक्स बदलत बसलात तर कधीच दिसणार नाहीत. हात सुधारून तीन इंचावर आला की मग बुलेटचा फरक खरोखर जाणवतो, म्हणून विषय फालतू नाहीये, फक्त त्याची वेळ थोडी पुढे आहे.

मी स्वतः बुलेट बघताना तीन गोष्टी वेगळ्या काढतो, नाक, बूड आणि अंगरखा. नाकावर ठरतं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या कप्प्यात, कसं चढणार आणि कागदावर भोक कसं पडणार. बुडावर ठरते अचूकता. अंगरख्यावर, म्हणजे जॅकेटवर, ठरतं बॅरलचं, रेंजच्या नियमांचं आणि तुमच्या फुफ्फुसांचं काय होणार. लोक दुकानात फक्त नाक बघतात कारण तेवढंच दिसतं, बाकी सगळं पितळेत लपलेलं असतं.

नाक घेऊ. १९११ ही २३० ग्रेनच्या गोल नाकाच्या जॅकेटेड बुलेटसाठी बनली, ज्याला इकडे हार्डबॉल म्हणतात (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे ही बुलेट जवळपास १५ ग्रॅमची). गोल नाक फीड रॅम्पवरून, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावरून, घसरत वर चढतं, कुठे अडकायला कोपराच नसतो. पण कागदावर ते कागद कापत नाही, फाडत ढकलत जातं, तंतू मागे मिटतात आणि भोक बुलेटपेक्षा बारीक दिसतं, कडा फाटलेल्या. सेमी-वाडकटरला पुढे कापलेला शंकू आणि त्याच्या मागे धारदार खांदा असतो, तो खांदा फायलीला भोक पाडायच्या पंचिंग मशीनसारखा कागद गोल कापून काढतो. बुल्सआयमध्ये भोकाची कड रेषेला लागली तर वरचा मार्क मिळतो, त्यामुळे पूर्ण ०.४५ इंचाचं स्वच्छ भोक म्हणजे वाद मिटला. गोल नाकाच्या भोकात स्कोअरिंग प्लग घालून बघावं लागतं आणि दोन म्हातारे भिंगं लावून भांडत बसतात, मी स्वतः त्यातला एक असतो. पण हे मॅचचं झालं. सरावाला फाटकं भोक चालतं, फक्त २५ यार्डावरून स्कोपमधून ते नीट दिसत नाही, एवढाच त्रास.

आता त्या खांद्याची किंमत. सेमी-वाडकटर १९११ मध्ये कधी लोण्यासारखी चालते आणि कधी दर तिसऱ्या राउंडला (काडतुसाला) नाक रॅम्पमध्ये रुतवून बसते, आणि यात बहुतेक वेळा बुलेटची चूक नसते, मॅगझिनची असते. मॅगझिनच्या वरच्या ओठांचे प्रकार असतात. हार्डबॉलचे ओठ काडतूस उशिरा सोडतात, वाडकटर प्रकारचे लवकर सोडतात, आणि हायब्रिड मधले. माझ्या पहिल्या १९११ बरोबर आलेली दोन्ही मॅगझिनं जुन्या धाटणीची होती आणि मी सहा महिने बुलेटला, मग स्प्रिंगला, मग माझ्या मनगटाला शिव्या घातल्या. एका मॅचला रॅपिड फायरमध्ये, जिथे १० सेकंदात पाच मारायच्या असतात, दुसऱ्याच राउंडला अडकलं, अॅलिबाय, म्हणजे बिघाडामुळे मिळणारी परत मारायची संधी, घेऊन मारलं तर परत अडकलं. शेजारच्याने त्याचं मॅगझिन दिलं आणि मग दिवसभर एकही जॅम नाही. तेव्हा सेमी-वाडकटर चालत नाही असा निष्कर्ष काढायच्या आधी दुसरं मॅगझिन लावून बघा.

दुसरी गोष्ट लांबी. घरी भरत असाल तर २०० ग्रेनच्या त्या प्रसिद्ध आकारात, ज्याला हेन्सली अँड गिब्सच्या साच्यावरून सगळे एच अँड जी ६८ म्हणतात, खांदा केसच्या तोंडाबाहेर नखाच्या जाडीइतका, सुमारे एक बत्तिसांश इंच, बाहेर ठेवतात. मग बॅरल काढून त्यात काडतूस नुसतं सोडायचं, 'टक' असा आवाज येऊन पूर्ण बसलं पाहिजे आणि उलटं केलं की आपोआप पडलं पाहिजे. हे प्राइमर आणि पावडर नसलेल्या डमीवर करा, भरलेल्या काडतुसावर घरात खेळ नको. तिसरी गोष्ट स्प्रिंग. १९११ ची स्टॅंडर्ड रिकॉइल स्प्रिंग १६ पाउंडाची, ती हार्डबॉलसाठी. हलक्या टार्गेट लोडला (कमी पावडरच्या काडतुसाला) ती जड पडते, स्लाइड पूर्ण मागे जात नाही, आणि लोक म्हणतात बुलेट वाईट आहे.

आता बूड, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. बुलेट बॅरलमधून बाहेर पडताना सगळ्यात शेवटी बूड सुटतं आणि त्या क्षणी मागचा गॅस चारी बाजूंनी बाहेर फुटतो. बूड एका बाजूला जरा जरी कमी असेल तर गॅस तिथून आधी निसटतो आणि बुलेटला ढुशी देतो. भोवरा आठवा, आर वाकडी असली की तो जागेवर गुंगत नाही, डोलत फिरतो, मग वरचा लाकडी भाग कितीही सुबक असो. नाकाला थोडा पोचा आला तर २५ यार्डावर कळत पण नाही, बुडाची कड चेपली तर ग्रुप उघडतो. तुम्हाला पटत नसेल तर पाच बुलेटची नाकं आणि पाचांची बुडं मुद्दाम कानशीने बिघडवून भरून बघा, मी केलंय, नंतर सगळ्या नवशिक्यांना तेच दोन कागद दाखवतो.

याचमुळे जेएचपी, म्हणजे जॅकेटेड हॉलो पॉइंट, साध्या एफएमजेपेक्षा सहसा जास्त अचूक निघते, आणि कारण त्या पुढच्या भोकात नाही, मागे आहे. जॅकेट म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची छोटी वाटी, तिच्यात शिसं दाबून भरतात. एफएमजेमध्ये वाटीचा बंद भाग पुढे नाक म्हणून असतो आणि उघडं तोंड मागे दुमडतात, तिथे शिसं उघडं राहतं. जेएचपीत तीच वाटी उलटी, बंद तळ मागे आणि तोंड पुढे. मोदक ज्याने वळलाय त्याला सांगायला नको की खालचा गोल भाग सगळ्यांचा सारखा येतो, वरती जिथे तोंड मिटवतो तिथे कमीजास्त होतं. एफएमजेत ते मिटवलेलं तोंड नेमकं बुडाला येतं, जिथे नको तिथे. म्हणून ५० यार्डाच्या लाँग लाइनवर, जिथे दहाची रिंग ३.३६ इंचाची आणि आतली एक्स रिंग १.६९५ इंचाची असते, बरेच अनुभवी लोक १८५ ग्रेनची जेएचपी वापरतात, आणि २५ यार्डाच्या शॉर्ट लाइनवर, टाइम्ड आणि रॅपिड या वेळ बांधलेल्या फेऱ्यांना, २०० ग्रेनची शिशाची सेमी-वाडकटर, स्वस्त, सौम्य आणि भोक स्वच्छ. तुमचे आजोबा चुकीचं सांगत नव्हते, फक्त ते घरी भरतात हे सांगायचं राहिलं असणार.

हॉलो पॉइंट म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या भुवया चढतात, आणि त्याला इतिहास आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी पसरणारी बुलेट बनवली, तिच्यावरूनच 'दमदम बुलेट' हा शब्द जगभर गेला, आणि १८९९ च्या हेग घोषणेत युद्धात अशा बुलेट वापरू नयेत असं ठरलं. सैन्यं पूर्ण जॅकेटवर गेली त्यामागे हे एक कारण आहे, म्हणजे आज दुकानात ढिगाने मिळणारं एफएमजे 'बॉल' ही मुळात सैन्याची गरज, टार्गेटवाल्याची नाही. कागदावर मारणाऱ्याला पसरण्याशी काही घेणंदेणं नाही, त्याला तो बंद तळ हवा असतो. फक्त राज्याचे कायदे बघा, न्यू जर्सीत हॉलो पॉइंट बाळगायला मर्यादा आहेत, घर आणि रेंजच्या प्रवासाला सूट आहे पण अटींसकट, तिथल्या एडिसनला मित्राकडे जाताना डिकीत विसरलेला बॉक्स महागात पडू शकतो.

आता अंगरखा, इथे बरंच परिस्थितीवर आहे. उघडं शिसं, मेणाचं ल्युब लावलेलं, सगळ्यात स्वस्त आणि नीट जमलं तर ४५ मध्ये अतिशय अचूक. पण धूर, हाताला काळं, आणि लेडिंग, म्हणजे बॅरलच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) शिसं चिकटणं. लेडिंग मऊ शिशामुळे होतं असा सगळ्यांचा समज, म्हणून मी एकदा 'हार्ड कास्ट' म्हणून चांगली कडक बुलेट आणली, हलका लोड भरला, आणि पन्नास-साठ राउंडात बॅरलमध्ये मिठाईवरच्या वर्खासारखा थर! ग्रुप तीन इंचावरून आठवर. झालं असं होतं की हलक्या लोडच्या दाबाला ती कडक बुलेट फुगून बॅरलला घट्ट बसतच नव्हती, बाजूने गॅस निसटून शिसं वितळवत होता. कडकपणापेक्षा माप महत्त्वाचं. ४५ ला जॅकेटेड ०.४५१ इंच असते तर शिशाची ०.४५२, ९ एमएमला ०.३५५ आणि ०.३५६, हा एक हजारांश इंचाचा जास्तपणा मुद्दाम ठेवलेला असतो. तुमच्या ग्लॉकबद्दल वेगळं सांगायला हवं. जेन ५ च्या, म्हणजे पाचव्या पिढीच्या, आधीच्या ग्लॉकमध्ये बॅरलचे आटे पॉलिगोनल, म्हणजे धारदार कडांऐवजी बहुकोनी, असतात आणि कंपनी स्वतःच उघड्या शिशाची बुलेट वापरू नका म्हणते, ते ऐका.

प्लेटेड म्हणजे शिशाच्या बुलेटवर विजेने चढवलेला तांब्याचा पातळ थर, बुडासकट सगळीकडे. बघायला एफएमजेसारखी, किंमत मधली, धूर कमी. पण तो थर पातळ असतो हे विसरून मी सुरुवातीला क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड आवळणं, जॅकेटेडसारखा घट्ट ठेवला, थर कापला गेला आणि २५ यार्डावर भोकं चक्क आडवी पडायला लागली, बुलेट कोलांट्या खात कागदात शिरत होती. याला कीहोल म्हणतात. कागदावर आडवं भोक दिसलं की मारणं थांबवायचं आणि कारण शोधायचं. प्लेटेडला हलका टेपर क्रिम्प आणि बनवणाऱ्याने दिलेल्या वेगाच्या मर्यादेत राहणं, एवढं पाळलं तर ती सरावाला उत्तम आहे. मॅचला मी वापरत नाही, माझ्या बॅरलमधून एकसारखी जात नाही, तुमच्याकडे जाईलही.

कोटेड म्हणजे शिशावर पॉलिमरचं आवरण, लाल-हिरव्या-निळ्या गोळ्या दिसतात त्या, रंगपंचमीच्या. माझं मत विचाराल तर घरी भरणाऱ्यासाठी गेल्या काही वर्षांत झालेली सगळ्यात चांगली गोष्ट ही. शिशाची किंमत, धूर कमी, लेडिंग जवळजवळ नाही, आणि साच्यातून आल्यामुळे बूड सपाट. फक्त शक्य तिथे फ्लॅट बेस मागा. बेव्हल बेस, म्हणजे बुडाची कड तासलेली, मशीनवर भरायला सोपी पण माझ्या हातात कायम मागे पडलीय. कोटिंग नीट भाजलंय का बघायला अॅसिटोनचा बोळा घासायचा, रंग उतरला तर माल कच्चा.

रेंजच्या नियमांचं पटकन सांगतो. इनडोअर रेंजवाले कधी कधी उघडं शिसं चालवून घेत नाहीत, आणि काही ठिकाणी दारातच चुंबक लावून बघतात, कारण काही स्वस्त काडतुसांच्या जॅकेटमध्ये तांब्याखाली लोखंड असतं, त्याने ठिणग्या उडतात आणि मागचा बॅकस्टॉप खराब होतो. आणि जॅकेट आहे म्हणून शिसं नाही असं समजू नका, एफएमजेचं बूड उघडंच असतं, शिवाय साध्या प्राइमरमध्येही शिशाचं संयुग असतं. घरी येताच थंड पाण्याने साबण लावून हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवा, लहान मुलं असतील तर त्यांना उचलून घ्यायच्या आधी. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. मी घेतो.

९ एमएमचं थोडक्यात. तिथे सेमी-वाडकटर क्वचितच नीट चढते, केस छोटी आणि निमुळती. मधला मार्ग म्हणजे ट्रंकेटेड कोन किंवा फ्लॅट पॉइंट, चपटं नाक, जे बऱ्यापैकी स्वच्छ भोक पाडतं आणि चढतंही, लुगरच्या सुरुवातीच्या ९ एमएम काडतुसात हाच आकार होता. वजनं ११५, १२४, १४७ ग्रेन. कागदावर अचूकतेला ११५ ची जेएचपी मला आवडते, आणि पुढे यूएसपीएसएकडे (धावपळीच्या पिस्तूल स्पर्धांकडे) वळलात तर १४७ ची कोटेड फ्लॅट पॉइंट. तिथे वजन गुणिले वेग भागिले हजार हा पॉवर फॅक्टर मायनर या खालच्या गटाला १२५ लागतो, १४७ ग्रेन ९०० फूट प्रतिसेकंदानेच १३२ देते, धक्का ढकलल्यासारखा लागतो, फटक्यासारखा नाही.

पुण्याचा भाचा मला विचारतो की मी कुठली बुलेट घेऊ, तर त्याला मी सांगतो तुझ्यासाठी हा प्रश्नच नाही. भारतात ९ एमएम सामान्य माणसाला निषिद्ध बोअर आहे, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर पिस्तूल प्रकारांत जॅकेट चालतच नाही, फक्त शिसं किंवा तसंच मऊ काही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने ज्या २५ मीटर पिस्तूलमध्ये २०१८ च्या एशियाडला सुवर्ण घेतलं ते २२ चं, तिथे फक्त ब्रँड आणि लॉट (एका खेपेत बनलेला माल) निवडायचा. आणि जसपाल राणाने हिरोशिमा १९९४ आणि दोहा २००६ ला ज्यात सुवर्ण मिळवलं त्या सेंटर फायरमध्ये बरेच जण ३२ एस अँड डब्ल्यू लाँगची पूर्ण वाडकटर वापरतात, नाकच नसलेली, केसच्या तोंडाशी सपाट बसवलेली नळकांडी. वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलांची ३२ ची आवृत्ती तिच्यासाठीच असते, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, काडतूस जवळजवळ सरळ चेंबरात. असली बुलेट तुमच्या १९११ मध्ये चालेल का हे विचारू नका, नाही चालणार.

मग तुम्ही आत्ता काय करायचं. घरी भरत नाही असं धरतो. २३० ग्रेन एफएमजे, एकाच ब्रँडचं, जमलं तर एकाच लॉटचं, हजारभर घ्या आणि तेच मारा. सोबत तुलनेला एक-एक बॉक्स, फेडरल गोल्ड मेडलची १८५ ग्रेनची सेमी-वाडकटर (तिला जॅकेट आहे, बॅरल घाण होत नाही) आणि कुठलीही १८५ ची चांगली जेएचपी. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येकी दहा-दहा मारा, पाच नको, पाचाचा ग्रुप नशिबाने छान येतो. तिन्हींचे आकडे लिहून ठेवा आणि तुमच्या मोकळ्या हाताच्या सहा इंचाशेजारी ठेवून वरचं गणित करा. हाताचा वाटा चार इंचाखाली आला की रीलोडिंग प्रेसचा (घरी काडतुसं भरायच्या यंत्राचा) विचार करू, तोवर त्या पैशात कोणाकडून ट्रिगर शिका.

ते करताना दोन गोष्टी बघून मला कळवा, सेमी-वाडकटर अडकलीच तर नाक रॅम्पला लागतंय की वर चेंबरच्या छताला, आणि मॅगझिनचे ओठ मागून पुढे सरळ समांतर आहेत की पुढे फाकतात. तेवढ्यावरून मॅगझिन बदलायचं की बुलेट हे सांगता येईल.